परताव्याचा आकडा नंतर दाखवा, आधी प्रश्न विचारा

प्रति,
घरबसल्या आयकर रिटर्न भरून देणारी संकेतस्थळं, ॲप आणि सॉफ्टवेअर बनवणारे सर्व जण

प्रत माहितीसाठी : केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नवी दिल्ली, तसंच यंदा कुणाकडे न जाता स्वतःच रिटर्न भरायचं ठरवलेले पगारदार, पेन्शनर आणि छोटे गुंतवणूकदार

सप्रेम नमस्कार,

तुमच्या सॉफ्टवेअरमधून भरलेली रिटर्नं आमच्याकडे येतात ती बहुधा कलम १४३(१)ची सूचना (रिटर्न तपासून आयकर विभाग पाठवतो ती) किंवा थकबाकीची मागणी हातात पडल्यावर. त्यांत बेरीज चुकलेली जवळजवळ कधीच नसते. कराचे टप्पे, उपकर, कलम २८८एप्रमाणे उत्पन्न दहाच्या पटीत आणणं, आगाऊ कर कमी किंवा उशिरा भरल्याचं (२३४बी आणि २३४सीचं) व्याज, हे सगळं तुमचं यंत्र बिनचूक करतं. घोळ होतो तो त्याच्या आधी. विचारायला हवा तो प्रश्न विचारलेला नसतो, आणि रिकाम्या राहिलेल्या रकान्यात यंत्रानं शून्य धरलेलं असतं. भरणाऱ्याला मात्र पहिल्या पडद्यापासून एकच गोष्ट ठळक दिसत असते : हिरव्या अक्षरांतला परताव्याचा, म्हणजे परत मिळणाऱ्या कराचा, आकडा.

दोन करपद्धतींच्या (वजावटी देणारी जुनी आणि कमी दरांची, पण बहुतेक वजावटी नसलेली नवी) तुलनेपासून सुरुवात करतो, कारण सर्वात महागडी चूक तिथं होते. फॉर्म १६ (पगार आणि त्यातून कापलेला कर यांचं मालकानं दिलेलं प्रमाणपत्र) चढवला की तुमचं सॉफ्टवेअर ‘नवी पद्धत तुमच्यासाठी फायद्याची’ असं सांगून मोकळं होतं. पण मालकानं नव्या पद्धतीनं टीडीएस कापला असेल, तर त्या फॉर्म १६मध्ये घरभाडं, ८०सी (पीपीएफसारखी बचत), ८०डी (आरोग्य विमा) यांतलं काहीच नसतं. नसणारच, कारण कर्मचाऱ्यानं कार्यालयात ते पुरावे दिलेलेच नसतात. तुम्ही त्या रिकाम्या जागा शून्य समजून तुलना करता.

आर्थिक वर्ष २०२४-२५चं उदाहरण घेऊ. पगार १५ लाख, त्यात मूळ पगार साडेसात लाख, राहायला मुंबईत महिना ३१,२५० रुपये भाड्याचं घर, नाशिकला स्वतःचं घर आणि त्यावर कर्ज. नव्या पद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन १४,२५,००० उरतात आणि उपकरासह कर होतो १,३०,००० रुपये. जुन्या पद्धतीत फक्त ५० हजारांची प्रमाणित वजावट आणि महाराष्ट्राचा २,५०० रुपये व्यवसाय कर एवढंच धरलं, तर कर २,५६,६२०. तुमचा पडदा हीच तुलना दाखवतो, आणि ती बघून कुणीही नवी पद्धत निवडेल. आता विचारायचे राहिलेले प्रश्न विचारा. घरभाडे भत्त्याची सूट ३ लाख (वर्षाचं भाडं ३,७५,००० वजा मूळ पगाराचे दहा टक्के), ८०सीचे दीड लाख, कर्जावरचं व्याज २ लाख, आरोग्य विमा २५ हजार, एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) जादा ५० हजार. करपात्र उत्पन्न ७,२२,५०० वर येतं आणि कर ५९,२८० वर. फरक ७०,७२० रुपयांचा. पगारदाराला ही निवड रिटर्न भरतानाही बदलता येते, मालकानं काहीही कापलेलं असो. फक्त रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. मुदत उलटली की जुनी पद्धत त्या वर्षापुरती हातची गेली. ही अट तुम्ही तुलनेच्या पडद्यावर छापत नाही, मदत विभागाच्या तळाशी कुठंतरी ठेवता.

म्हणून आमची पहिली मागणी साधी आहे. फॉर्म १६मध्ये वजावटी नसतील तर तुलना दाखवण्याआधी थांबा, आणि भाडं, कर्ज, विमा, पीपीएफ, मुलांची फी, एनपीएस यांच्याबद्दल एकेक करून विचारा. ‘नाही’ असं उत्तर आलं की मगच शून्य धरा. आणि हो म्हटलं तर कागद मागा. आकारणी वर्ष २०२५-२६पासून, म्हणजे २०२४-२५च्या उत्पन्नापासून, आयकर विभागाच्या फॉर्ममध्येच ८०सीसाठी पॉलिसी किंवा खात्याचा क्रमांक, ८०डीसाठी विमा कंपनी आणि पॉलिसी क्रमांक, गृहकर्जासाठी कर्ज खात्याचा क्रमांक, मंजुरीची तारीख आणि बाकी रक्कम द्यावी लागते. हे सगळं शेवटच्या पायरीवर ‘त्रुटी’ म्हणून लाल अक्षरांत दाखवण्यापेक्षा सुरुवातीलाच सांगितलंत, तर माणूस कागद काढून बसेल.

जाता जाता एक गोष्ट. २०२४-२५साठी घरभाड्याच्या सूत्रात ५० टक्के फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांना होते. पुणे ४० टक्क्यांत होतं. ‘मेट्रो शहर?’ एवढाच प्रश्न विचारला तर पुणेकर ‘हो’ वर टिचकी मारणार, त्यात त्याचा दोष नाही. मेट्रो त्याच्या घराखालून जाते. शहरांची नावं लिहा.

दुसरा मुद्दा फॉर्म निवडण्याचा. पगार, एक घर आणि व्याज एवढंच असेल आणि एकूण उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल तर आयटीआर-१, म्हणजे सहज. आकारणी वर्ष २०२५-२६पासून त्यात कलम ११२एखालचा (सूचीबद्ध शेअर्स आणि इक्विटी फंडांवरचा) १ लाख २५ हजारांपर्यंतचा दीर्घकालीन नफाही बसतो, पण तोटा मागच्या वर्षांतून आणायचा किंवा पुढं न्यायचा नसेल तरच. त्या वर्षात चार हजार रुपयांचा अल्पकालीन नफा झाला की फॉर्म बदलतो, आयटीआर-२ लागतो. एकदाच सकाळी घेऊन दुपारी विकलेला शेअर असला, तोही तोट्यात, तर तो सट्ट्याचा धंदा ठरतो आणि आयटीआर-३ लागतो. फ्युचर्स-ऑप्शन्स (एफ-अँड-ओ) सट्टा ठरत नाहीत, पण धंदाच ठरतात, म्हणून तिथंही आयटीआर-३. आणि धंद्याचं उत्पन्न आलं की जुनी पद्धत हवी असल्यास फॉर्म १०-आयईए मुदतीत भरावा लागतो. पगारदारासारखं दरवर्षी इकडून तिकडं जाता येत नाही. तुमची बरीच सॉफ्टवेअरं ‘तुमचा व्यवसाय आहे का?’ असा प्रश्न विचारतात. बँकेत नोकरी करणारा, हौसेनं दोन सौदे केलेला माणूस ‘नाही’ असंच म्हणणार. ‘या वर्षात इंट्राडे किंवा एफ-अँड-ओमध्ये एक तरी सौदा केलात का?’ असं विचारा. फॉर्म चुकला तर कलम १३९(९)ची सदोष रिटर्नची नोटीस येते आणि दुरुस्तीला साधारण १५ दिवस मिळतात. तोट्याचं रिटर्न मुदतीनंतर गेलं तर शेअर्सचा तोटा पुढं ओढायचा हक्कच जातो.

शेअर्स आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत प्रश्न बहुतेक वेळा तुम्ही आयात करता त्या फाइलचा असतो. ब्रोकरच्या विवरणात दुसऱ्या डिमॅट खात्यातून आणलेल्या शेअर्सची खरेदी किंमत शून्य दिसते, किंवा हस्तांतराची तारीख हीच खरेदीची तारीख म्हणून येते. पहिल्या प्रकारात सगळी विक्री नफा ठरते, दुसऱ्यात दहा वर्षं सांभाळलेला शेअर अल्पकालीन होतो. खरेदी किंमत शून्य आणि विक्री मात्र लाखात, अशी ओळ दिसली की यंत्रानं तिथंच अडायला हवं. ती मुकाट्यानं आत घेऊ नका.

३१ जानेवारी २०१८पर्यंत घेतलेल्या शेअर्सचा नियम वेगळा. त्या दिवशीचा बाजारभाव आणि विक्री किंमत यांतली कमी रक्कम काढायची, तिची मूळ खरेदीशी तुलना करायची आणि जी जास्त ती किंमत धरायची. २०१२ साली २०० रुपयांना घेतलेला शेअर ३१ जानेवारी २०१८ला ७०० होता आणि सप्टेंबर २०२४मध्ये १,०००ला विकला, तर नफा ३००. तोच शेअर ६००ला विकला तर किंमत ६०० धरली जाते आणि नफा शून्य. शंभरचा तोटा दाखवता येत नाही. मधल्या काळात शेअरचं विभाजन झालं असेल तर ७००चा भाव त्या प्रमाणात कमी करावा लागतो. बरीच सॉफ्टवेअरं भावाची यादी जशीच्या तशी लावतात आणि एकाचे पाच असं विभाजन झालेल्या शेअरची किंमत पाचपट फुगवतात. परतावा सुंदर दिसतो. शेअरवार तपशील, आयएसआयएन या प्रत्येक शेअरच्या ओळख क्रमांकासह, फॉर्मच्या ११२ए परिशिष्टात जातो, त्यामुळे ही फुगलेली किंमत विभागाला ओळीओळीनं तपासता येते.

२०२४-२५ या वर्षाला दोन तुकडे होते. २३ जुलै २०२४पासून सूचीबद्ध शेअर्सवरच्या अल्पकालीन नफ्याचा दर १५वरून २० टक्के झाला आणि दीर्घकालीन १०वरून साडेबारा, तर करमुक्त मर्यादा एक लाखावरून सव्वा लाख. ही मर्यादा मात्र संपूर्ण वर्षाला एकच, दोन तुकड्यांना दोन नव्हे. त्या तारखेपूर्वी घेतलेलं घर किंवा जमीन निवासी व्यक्तीनं नंतर विकली, तर महागाई निर्देशांक लावून २० टक्के आणि न लावता साडेबारा टक्के, दोन्ही कर काढून कमी तो भरायचा. दोन्ही आकडे शेजारी दाखवा. निर्देशांक २००१-०२साठी १००, २०२४-२५साठी ३६३, गुणाकार कुणालाही करून बघता येईल. याच वर्षात १ ऑक्टोबर २०२४पासून कंपनीनं परत विकत घेतलेले शेअर्स तर आणखी वेगळे. मिळालेली सगळी रक्कम लाभांश म्हणून करपात्र, आणि खरेदी किंमत भांडवली तोटा म्हणून दाखवायची. लाभांश दाखवला नाही तर तोटाही मिळत नाही. यातला तोट्याचा अर्धा भाग हमखास गाळला जातो, कारण ब्रोकरच्या विवरणात तो विक्री म्हणून दिसत नाही.

हिंजवडी किंवा ऐरोलीतल्या, परदेशी कंपनीचे शेअर्स मिळणाऱ्या नोकरदारांसाठी तुमची बहुतेक सॉफ्टवेअरं अपुरी आहेत, आणि ते तुम्ही आधी सांगत नाही. शेअर हातात पडतो त्या दिवशीचा भाव पगारात धरून त्यावर कर कापलेला असतो. पुढं विकताना तोच भाव खरेदी किंमत असतो. अमेरिकी ब्रोकरच्या कागदावर ती किंमत शून्य किंवा कमी दिसू शकते. ती उचलली तर एकाच रकमेवर दोनदा कर. हे शेअर भारतात सूचीबद्ध नाहीत, म्हणून दीर्घकालीन व्हायला २४ महिने लागतात आणि सव्वा लाखाची सूट लागत नाही. परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट, ज्याला सगळे शेड्यूल एफए म्हणतात, आर्थिक वर्षाचं नसून कॅलेंडर वर्षाचं असतं. आकारणी वर्ष २०२५-२६साठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२४. फेब्रुवारी २०२५मध्ये मिळालेले शेअर पगारात याच वर्षी येतात, पण या परिशिष्टात पुढच्या. एकही शेअर विकला नसला तरी परिशिष्ट भरावंच लागतं आणि आयटीआर-१ चालत नाही. न दाखवल्यास काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो; १ ऑक्टोबर २०२४पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असेल तर या दंडातून सुटका आहे, दाखवण्यातून नाही. लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कापले गेले असतील, तर त्याचं श्रेय घ्यायला फॉर्म ६७ पोर्टलवर वेगळा भरायचा असतो. तुमच्या पडद्यावर तो दिसतच नाही, आणि माणूस श्रेयाचा आकडा टाकून निश्चिंत होतो.

गोव्याबद्दल तर मौनच आहे. तिथल्या नागरी संहितेप्रमाणे ज्या पती-पत्नीची मालमत्ता सामाईक, त्यांना आयकर कायद्याचं कलम ५ए लागू होतं. पगार ज्याचा त्याचा. घरभाडं, धंदा, भांडवली नफा आणि व्याज मात्र दोघांत निम्मं निम्मं. मडगावच्या एखाद्या गृहस्थाच्या नावावर ठेवी आहेत, व्याज तीन लाख, टीडीएस तीस हजार, सगळं त्याच्याच पॅनवर. रिटर्नमध्ये त्याचे दीड लाख, पत्नीचे दीड लाख आणि टीडीएसही पंधरा-पंधरा हजार. दोघांच्या रिटर्नमध्ये परिशिष्ट ५ए हवं, एकमेकांचा पॅन हवा आणि पत्नीच्या टीडीएसच्या तक्त्यात ‘जोडीदाराच्या पॅनवरचं श्रेय, कलम ५ए’ असा पर्याय निवडायला हवा. आयटीआर-१ आणि आयटीआर-४ दोघांनाही बंद. आता बघा, एआयएसमधून (बँका, ब्रोकर वगैरेंनी विभागाला कळवलेल्या माहितीच्या पत्रकातून) माहिती ओढून आणणारं कुठलंही सॉफ्टवेअर तीन लाख नवऱ्याच्या नावावर टाकून आयटीआर-१ उघडतं. ‘तुम्ही गोवा, दमण-दीव किंवा दादरा-नगर हवेलीच्या पोर्तुगीज नागरी संहितेखाली येता का?’ हा एक प्रश्न घालायला किती वेळ लागतो? ज्यांना परिशिष्ट ५ए जमत नसेल त्यांनी निदान लॉगिनआधी तसं लिहावं. पैसे भरून झाल्यावर ‘ही सुविधा उपलब्ध नाही’ हे वाचायला लावू नये.

एआयएसवर तुमचा फार विश्वास. नोव्हेंबर २०२१मध्ये आलेली ही वार्षिक माहितीपत्रकाची सोय चांगलीच आहे, पण ते इतरांनी करदात्याबद्दल सांगितलेलं असतं. चौथ्या तिमाहीचं टीडीएस विवरण ३१ मेपर्यंत भरलं जातं, फॉर्म १६ मिळायला १५ जून उजाडतो. एप्रिल-मेमध्ये ‘सर्वात आधी भरा’ म्हणून मागं लागणारी ॲप अर्धवट माहितीवर रिटर्न भरून घेतात. संयुक्त ठेवीचं सगळं व्याज पहिल्या नावावर येतं. तेच व्याज टीडीएसमध्ये एकदा आणि बँकेच्या व्याज-अहवालात पुन्हा, असं दोनदाही दिसू शकतं. बचत खात्याचं व्याज उत्पन्नात आपोआप येतं, जुन्या पद्धतीतली ८०टीटीएची दहा हजारांची वजावट मात्र हातानं टाकावी लागते. मागच्या वर्षीच्या परताव्यावर मिळालेलं व्याज हेही करपात्र, हे कितींना सांगता? प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला ते लिहा : फॉर्म १६, २६एएस (विभागाकडची टीडीएसची नोंद), एआयएस की हातानं टाकलेला. आणि हातानं बदलला असेल तर जुना आकडाही बाजूला राहू द्या.

वर्षात नोकरी बदललेल्यांचं प्रकरण याच जातीचं. दोन फॉर्म १६, दोन्हींत प्रमाणित वजावट, दोन्हींत करमुक्त टप्पा शून्यापासून. वजावट एकदाच मिळते. सॉफ्टवेअरनं ‘करपात्र पगार’ ही तळची ओळ उचलून बेरीज केली, तर ७५ हजार दोनदा वजा झालेले राहतात. ढोबळ पगाराची ओळ उचला. नीट केलं तर अशा माणसाला बहुधा परतावा नाही, भरणा निघतो, आणि तो दहा हजारांवर गेला तर व्याजही. तो आकडा त्याला आवडणार नाही. म्हणून लपवू नका.

कुटुंब निवृत्तिवेतनाचंही असंच. स्वतःची पेन्शन म्हणजे पगार, तिला प्रमाणित वजावट मिळते. पतीच्या निधनानंतर पत्नीला मिळते ती इतर उत्पन्नात जाते आणि वजावट एक तृतीयांश किंवा नव्या पद्धतीत २५ हजार, जुन्या पद्धतीत १५ हजार, यांतली कमी असेल ती. ‘पेन्शन’ असा एकच रकाना ठेवून हे समजणार नाही.

आता आवृत्त्यांबद्दल, कारण यात विभागही वाटेकरी आहे. ५ जुलै २०२४ रोजी विभागाच्या युटिलिटीत, म्हणजे रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक बदल झाला. नव्या पद्धतीत विशेष दरानं कर लागणाऱ्या उत्पन्नावर कलम ८७एची (ठरावीक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ करणारी) सवलत देणं तिनं बंद केलं. सहा लाखांचा करपात्र पगार आणि पन्नास हजारांचा अल्पकालीन नफा असलेल्या माणसाचा २०२३-२४चा कर त्याआधी शून्य निघत होता, त्यानंतर ७,८०० रुपये. कायद्याचं अक्षर बदललेलं नव्हतं, युटिलिटी बदलली होती. मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सनं जनहित याचिका केली. २० डिसेंबर २०२४च्या अंतरिम आदेशानंतर उशिराच्या आणि सुधारित रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५पर्यंत वाढली आणि २४ जानेवारीला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की दावा करण्याची वाटच युटिलिटीनं बंद करता कामा नये. दावा बरोबर की चूक हा प्रश्न न्यायालयानं उघडा ठेवला. पुढं १९ सप्टेंबर २०२५च्या परिपत्रकात, ज्यांना सवलत ‘चुकून’ दिली गेली त्यांच्याकडून ती वसूल करायची, पण ३१ डिसेंबर २०२५पर्यंत भरली तर त्यावरचं व्याज माफ, असं ठरलं. २०२५-२६च्या उत्पन्नापासून कायद्यातच स्पष्ट केलंय की विशेष दराच्या उत्पन्नावर ही सवलत नाही.

या सगळ्या काळात तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काय दिसत होतं? एका आठवड्यात कर शून्य, दुसऱ्या आठवड्यात कर देय. कारण कुठंही लिहिलेलं नाही. प्रत्येक जेसन फाइलमध्ये (रिटर्नची पोर्टलवर चढवायची फाइल) सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आणि ती बनवणाऱ्याचा क्रमांक असतोच. तोच छापील गणनापत्रकावर आणा, आणि आवृत्ती बदलली की कोणता नियम बदलला हे मराठी-हिंदीत दोन ओळींत सांगा. ज्याचं रिटर्न अर्धवट भरून ठेवलेलं आहे त्याला जुना आणि नवा कर दोन्ही दाखवा.

मंडळाला इथंच एक विनंती. आकारणी वर्ष २०२५-२६साठी आयटीआर-२ आणि आयटीआर-३च्या एक्सेल युटिलिटी ११ जुलै २०२५ रोजी आल्या. मूळ मुदत ३१ जुलै होती. ती आधीच १५ सप्टेंबर केली होती, नंतर आणखी एक दिवस वाढली. फाइलचा आराखडा उशिरा जाहीर झाला की खासगी सॉफ्टवेअर घाईत बनतं आणि घाईतलं सॉफ्टवेअर पहिले दोन आठवडे लोकांच्या रिटर्नवर तपासलं जातं. आराखडे १ एप्रिललाच द्या.

सॉफ्टवेअर निवडणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. फक्त पगार आणि व्याज असेल तर पैसे देण्याचं कारण नाही, विभागाचं पोर्टल पुरतं. शेअर्सचे सौदे असतील तर विभागाची एक्सेल युटिलिटी सर्वात पारदर्शक आणि सर्वात चिडचिडी. झिप फाइल आधी उलगडावी, मग त्या फाइलच्या गुणधर्मांत जाऊन ‘अनब्लॉक’वर खूण करावी, मॅक्रो चालू करावेत, नाहीतर बटणं दाबून काहीच होत नाही. विंडोजवरचं खरं एक्सेल लागतं, लिब्रेऑफिस किंवा मॅकवर वेळ घालवू नये. हिरवे रकाने भरायचे, पांढऱ्यांत सूत्रं आहेत. कापून चिकटवू नये, नक्कल करून फक्त किमती चिकटवाव्यात, नाहीतर सूत्रांची वाट लागते. प्रत्येक पानाचं ‘व्हॅलिडेट’ दाबून मगच जेसन काढावी. खासगी सॉफ्टवेअर घेताना आधी त्याला तुमच्या अडचणीचा प्रश्न विचारून बघा : परिशिष्ट ५ए, शेड्यूल एफए, विभाजन झालेला जुना शेअर, मागून आणलेला तोटा. शेवटचा मुद्दा सॉफ्टवेअर बदलणाऱ्यांना जास्त बाधतो. जुना भांडवली तोटा आठ वर्षं चालतो, पण नव्या सॉफ्टवेअरला तो माहीत नसतो. वर्ष, रक्कम आणि ते रिटर्न भरल्याची तारीख स्वतः टाकावी लागते. म्हणून दरवर्षीची जेसन, पावती आणि गणनापत्रक स्वतःच्या संगणकावर ठेवा. पैसे भरण्याआधी पूर्ण गणना दाखवत नाही आणि जेसन उतरवू देत नाही ते सॉफ्टवेअर सोडून द्या, ते कितीही देखणं असो. निघालेला कर विभागाच्या लॉगिनविना चालणाऱ्या गणकयंत्रावर ताडून बघा. आणि भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा. सॉफ्टवेअरचा ‘अभिनंदन’ म्हणणारा पडदा म्हणजे पडताळणी नव्हे.

पोर्टलचा पासवर्ड कुणालाही देऊ नये. नोंदणीकृत ई-रिटर्न मध्यस्थाला ओटीपीनं संमती देऊन काम भागतं, तरीही काही जण सोयीच्या नावाखाली पासवर्ड मागतात. रिटर्नमध्ये तुमचाच मोबाइल आणि ईमेल आहे ना, ते बघा. १४ जुलै २०२५ला मंडळानं खोट्या वजावटींविरुद्ध देशभर १५० ठिकाणी तपासणी केली, तेव्हा तात्पुरते ईमेल पत्ते बनवून घाऊक रिटर्नं भरल्याचं उघड झालं होतं. नोटीस त्या पत्त्यावर जाते, करदात्याला कळतच नाही. ‘जास्तीत जास्त परताव्याची हमी’ हे वाक्य तुमच्या जाहिरातींतून काढा, अशी आमची विनंती नाही, मागणी आहे. हमी कशाच्या बळावर देता? ८०जीजीसीत राजकीय पक्षाची देणगी, ८०डीडीबीत आजारपण, हे रकाने सुचवून परतावा वाढवणारा मदतनीस आणि प्रामाणिक सॉफ्टवेअर यांत मग फरक काय राहिला?

शेवटी २०२६च्या हंगामासाठी एक सूचना, आणि ती तातडीची आहे. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यात आकारणी वर्ष नाही, ‘कर वर्ष’ आहे. पण २०२५-२६च्या उत्पन्नाचं रिटर्न जुन्याच कायद्याखाली, आकारणी वर्ष २०२६-२७ म्हणून भरायचं. म्हणजे त्या जुलैत भरायचा स्वयंनिर्धारण कर (रिटर्न भरण्याआधी भरायचा उरलेला कर) आकारणी वर्ष २०२६-२७चा, आणि १५ जूनचा आगाऊ कराचा हप्ता कर वर्ष २०२६-२७चा. आकडे अगदी तेच, उत्पन्नाची वर्षं वेगळी. चलन चुकीच्या वर्षात गेलं की रिटर्नमध्ये श्रेय मिळत नाही, मागणी निघते, मग चलन दुरुस्तीचा अर्ज करत बसावं लागतं. तुमच्या ‘कर भरा’ या बटणावर नुसतं ‘२०२६-२७’ असं छापू नका. ‘१ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या उत्पन्नाचा कर’ असं पूर्ण वाक्य लिहा, आणि आगाऊ कराचा पर्याय त्या पडद्यावर ठेवूच नका.

कळावे,

आपले,
रिटर्न तपासणारे काही कर सल्लागार